तारवाल्याची खुर्ची

मास्तरांच्या बोलण्यावर पटकन विश्वास ठेवायचा नाही, असा कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीमचा चोवीस वर्षांचा दंडक होता. मास्तर म्हणाले 'उद्या सुट्टी', की पोरं पहाटे बूट घालून हजर. मास्तरांनी चहा दिला, की पहिला घोट शेजारच्याला घ्यायला लावायचा, कारण साखरेच्या डब्यात मीठ भरणं हा त्यांचा लाडका उद्योग. एका वर्षी त्यांनी आपल्या सगळ्यात दणकट स्मॅश मारणाऱ्याला दोन दिवस लंगडत फिरवलं होतं. जेवणाच्या रांगेत, जिन्यावर, अगदी संडासला जातानासुद्धा. समोरच्या टीमने त्याच्यावरची नजर काढली आणि तिसऱ्या दिवशी पठ्ठ्याने त्यांच्या कोर्टात खड्डे पाडले. पंचांनी डोळे वटारले तर मास्तर म्हणाले, "तेल चोळलं साहेब, गुण आला."

अशा माणसाला एखादी गोष्ट लपवायला फार कष्ट पडत नाहीत. त्याने काहीही वेगळं केलं तरी लोक म्हणतात, याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. म्हणूनच दीड वर्षापासून मास्तरांना नीट दिसत नव्हतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पूर्ण आंधळेपण नव्हतं ते. ते असतं तर सरळ काठी तरी घेता आली असती. समोर बघितलं की मधोमध एक राखाडी डाग यायचा आणि ज्याच्याकडे बघायचं त्याचा नेमका चेहराच गिळून टाकायचा. कान दिसायचे, खांदे दिसायचे, बूट दिसायचे, पण माणूस कोण ते समजायचं नाही. कडेकडेचं मात्र ठीक होतं. मग मास्तर तिरके बघायला लागले. मान एकीकडे, नजर दुसरीकडे. पोरं आपसांत म्हणायची, "मास्तर तिरके झाले रे, सावध राहा."

डोळ्यांच्या डॉक्टरणीने तपासून सांगितलं होतं, "कडेचं राहील. मधलं जात जाणार. चष्म्याने काही होणार नाही."

"मग उपाय काय?"

"सवय करून घ्यायची."

"ते औषध कुठल्या दुकानात मिळतं?" मास्तरांनी विचारलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. तेव्हाच मास्तरांना प्रकरण गंभीर आहे हे कळलं.

बायको रोज एकच टुमणं लावायची. "सोडा आता. तुमच्या हाताखाली धाकटे सर आहेत ना. सांभाळतील ते पोरांना."

"आणि मी काय करू? घरात बसून तुझ्या डोक्याला ताप देऊ?"

"तो तुम्ही असाही देताच."

पण तिलाही माहीत होतं. हा माणूस मैदानावरून घरी येतो म्हणून घरात त्याचं बरं चालतं. एकदा गुडघा दुखावला म्हणून तीन आठवडे घरी होता, तर त्याने खिडकीच्या बिजागऱ्या काढून पुन्हा बसवल्या, दोनदा. तिसऱ्या वेळी तिने हातातला पाना काढून घेतला.

कॉलेजचा नियम सरळ होता. दरवर्षी प्रशिक्षकाची तपासणी, आणि नजर कमी निघाली की घरी. गेल्या तपासणीला मास्तरांनी अक्षरांचा तक्ता पाठ केला होता. रांगेत त्यांच्या पुढे दोन क्लार्क होते, त्यांच्या तोंडून ऐकून. शेवटच्या ओळीवर मुद्दाम एक अक्षर चुकवलं, शंका यायला नको म्हणून. ही गंमत ते कुणाला सांगू शकले नाहीत, आणि आयुष्यातली सगळ्यात चोख थापेबाजी अशी मुकाट्याने गिळावी लागली याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

एकाच माणसाला ठाऊक होतं. टीमच्या कप्तानाला. सगळे त्याला पोस्टमन म्हणायचे, कारण मारणाऱ्यांना बॉल उचलून द्यायचं काम त्याचं, आणि कुणाच्या घरी कुठलं पत्र टाकायचं हे त्याला बरोबर कळायचं. एकदा सरावात मास्तरांनी त्याच्याकडे बॉल फेकला, तो जिथे अर्ध्या मिनिटापूर्वी उभा होता तिथे. पोस्टमनने जाऊन बॉल आणला, मास्तरांच्या हातात दिला आणि हळूच म्हणाला, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मास्तर, मी तुमच्याकडूनच थापा मारायला शिकलोय."

त्या दिवसापासून त्या दोघांची एक रीत ठरली. कुणीही मास्तरांजवळ आलं की पोस्टमन त्याचं नाव घेऊन काहीतरी बोलायचा. "हातोडा, पाणी पी." "धाकटे सर, इकडून या, ओलं आहे." मॅच चालू असताना कोर्टातूनही त्याची बडबड चालायची. "त्यांचा चार नंबर मागे गेला रे, उंच उचलतो." ऐकणाऱ्याला वाटायचं कप्तान पोरांना सांगतोय. तो मास्तरांना सांगत असायचा. उरलेलं मास्तर कानांनी भागवायचे. बॉल तळव्यावर नीट बसला तर एक आवाज, बोटांवर गेला तर दुसरा. जमिनीवर आपटला की आत पडला का बाहेर, हे त्यांना रेषेवरच्या पंचाच्या आधी कळायचं, कारण आत पडला की कुणीतरी सूर मारलेला असतो आणि अंग घासल्याचा आवाज येतो.

अशी ती टीम देशभरच्या कॉलेजांच्या स्पर्धेत सोळा टीममधून फायनलला पोचली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

*

फायनल दुपारी तीनला होती. मोठं झाकलेलं सभागृह, वर पत्र्याचं छप्पर आणि खाली तीन हजार माणसांचा गोंगाट. त्या गोंगाटात मास्तरांचे कान निम्मे कामातून गेले होते. दोन सेट यांचे, दोन सेट त्यांचे. चौथ्या सेटच्या शेवटच्या बॉलला पोस्टमन जाळ्याजवळ उडी मारून खाली आला तो समोरच्याच्या बुटावर. घोटा वाकडा झाला. मास्तरांना दिसलं नाही, पण पोस्टमनची बडबड मध्येच थांबली, आणि मास्तर खुर्चीवरून उठले.

दोघांनी त्याला उचलून आतल्या दवाखान्याच्या खोलीत नेलं. पाचवा सेट सुरू व्हायला तीन मिनिटं होती. पाचवा सेट म्हणजे पंधरा पॉइंटांचा, छोटा. त्यात चूक झाली की भरून काढायला जागा नसते.

पोस्टमनच्या जागी कोण, याचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. दुसरा बॉल उचलणारा होता तो तारवाला. पोस्टमन नसेल तर तार, म्हणून तारवाला. तीन वर्षं तो मास्तरांच्या डाव्या हाताच्या पहिल्या खुर्चीवर बसायचा. खुर्ची ठरलेली, त्यामुळे मास्तरांना तिथे बघावं लागत नसे.

मास्तर डावीकडे वळले. पहिल्या खुर्चीवर उंच, जाकीट घातलेलं पोर बसलं होतं. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऊठ," ते म्हणाले. "तीन वर्षं तुला या खुर्चीवर बसवलं, ते आजच्यासाठी. तुला जमेल का नाही ते मी विचारत नाही. जमतं हे मला माहितीय, मी रोज बघतो. पोस्टमनची नक्कल करू नकोस. तुझ्या हाताने खेळ. चुकलास तर माझ्यावर टाक."

असं मास्तर कधी बोलत नसत. पोर उठलं. त्याने मान हलवली असावी. तोंडातून शब्द फुटला नाही.

कानाजवळ धाकट्या सरांचा आवाज आला. धाकटे सर म्हणजे मास्तरांचे सहायक. बत्तीस वर्षांचा नीटनेटका माणूस, छातीशी कायम टॅब धरलेला. आत्ता दुसऱ्या हातात सुरुवातीच्या सहा जणांचे नंबर भरायची चिठ्ठी होती. "मास्तर, सतरा?"

"काय सतरा?"

"सतरा नंबर लिहू? पाहुण्याला उतरवायचं? बॉल उचलायला?"

आणि त्याच क्षणी मागून, दहा पावलांवरून, पळत येणाऱ्या बुटांबरोबर आवाज आला. "मास्तर, पोस्टमनला बर्फ लावला, हाड शाबूत आहे म्हणतात. मी तयार आहे."

तो आवाज तारवाल्याचा होता.

मग मास्तरांच्या हाताखाली होता तो पाहुणा. तारवाला पोस्टमनला धरून आत गेला होता, आणि पाहुण्याच्या स्वतःच्या खुर्चीवर डॉक्टरांनी आपली बॅग टाकली होती, म्हणून तो मिनिटभर तारवाल्याच्या खुर्चीवर टेकला होता. इतकंच.

पाहुणा हे नाव त्याला असंच पडलं नव्हतं. मॅचला येतो, पाणी पितो, टाळ्या वाजवतो, घरी जातो. पोरगं चांगलं होतं, मेहनती. रोज सगळ्यात आधी येऊन जाळं ताणायचं, मारणाऱ्यांना सरावासाठी शंभर-शंभर बॉल वर उडवून द्यायचं. पण मॅचमध्ये घालण्याइतका वकूब नव्हता, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणूनच त्याचा खांदा आता मास्तरांच्या तळव्याखाली थरथरत होता.

धाकटे सर वाट बघत होते. महिन्यापूर्वी त्यांनीच विचारलं होतं, "मास्तर, तुम्ही हल्ली स्कोअरबोर्डाकडे बघतच नाही." तेव्हा मास्तरांनी "बोर्ड माझ्याकडे बघतो" म्हणून वेळ मारून नेली होती. पण माणूस मूर्ख नव्हता. आत्ता 'अरे, मला वाटलं तारवाला आहे' एवढं म्हटलं असतं, तर एका हातावरच्या माणसाला ओळखता आलं नाही हे त्याच्या टॅबमध्ये कायमचं गेलं असतं.

'थट्टा केली रे' म्हणता आलं असतं. ते सगळ्यांना पटलंही असतं. चोवीस वर्षांची पुण्याई होती त्यामागे. शब्द अगदी ओठांवर आला. पण तो थरथरणारा खांदा हळूहळू शांत होत होता, ताठ होत होता, आणि त्याला आता खाली बसवायचं कसं हे मास्तरांना सुचेना. म्हणजे निदान नंतर त्यांनी स्वतःला असं समजावलं. खरं किती आणि भीती किती, याचा हिशेब त्यांना कधीच लागला नाही.

"सतरा," मास्तर म्हणाले.

"पण मास्तर, तारवाला..."

"कान दुखतात का सर? सतरा."

धाकट्या सरांनी लिहिलं. चिठ्ठी पंचांकडे गेली. तारवाला आपल्या खुर्चीवर बसला. जाळ्यापलीकडच्या टीममध्ये कुजबुज सुरू झाली. त्यांच्या प्रशिक्षकाने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाला, "म्हातारा काहीतरी घेऊन आलाय."

*

पहिला पॉइंट गेला. पाहुण्याच्या हातात बॉल दोनदा लागला, पंचांनी दोन बोटं वर केली. दुसरा गेला. त्याने बॉल जाळ्याला इतका चिकटवून उचलला की समोरच्यांनी तो आयता खाली दाबला. हातोडा, म्हणजे टीमचा मुख्य मारणारा, ओरडला नाही, पण त्याने जमिनीवर पाय आपटला. तो आवाज मास्तरांना बरोबर ओळखू आला.

"बदलू?" धाकटे सर म्हणाले. तारवाल्याने जाकीट काढलं होतं. चेन खाली सरकल्याचा आवाज मास्तरांनी ऐकला.

दोन बॉलांनी माणूस बदलायचा म्हणजे मग उतरवला कशाला, हे कुणीही विचारलं असतं. "थांबा जरा," मास्तर म्हणाले.

आणि तिसऱ्या बॉलला पाहुण्याने काय केलं असेल, तर डोक्याच्या मागे, न बघता, एक असा झकास बॉल सोडला की पोस्टमननेही टाळी दिली असती. उजवीकडच्याने मोकळ्या कोर्टात हाणला. पत्र्याचं छप्पर हललं. तीन हजारांतल्या निम्म्यांना वाटलं, हाच तो डाव. मास्तरांनाही क्षणभर वाटलं. खोटं बोलणाऱ्या माणसाचं हे असंच असतं. नशिबाने जरा हात दिला की त्याला आपलीच थाप खरी वाटायला लागते.

"थांबा," ते दुसऱ्यांदा म्हणाले.

तीन-आठ झाल्यावर त्यांनी बदली मागितली. पाहुण्याची सर्व्हिस जाळ्यात गेली होती, पुन्हा एकदा दोन हात लागले होते, आणि त्याने हातोड्याला दोन बॉल असे दिले होते की हातोड्याने नुसते पलीकडे ढकलले. तारवाला आत गेला, पाहुणा बाहेर आला. बाहेर येताना तो मास्तरांसमोर थांबला. मास्तरांना डाग दिसला, आणि डागाच्या कडेने दोन लाल कान.

तारवाल्याने जीव तोडून बॉल उचलले. चार-आठ, सात-दहा, बारा-तेरा. सभागृह उभं राहिलं. तेरा-चौदा. मग एक लांबलचक रॅली, बॉल सात-आठ वेळा जाळं ओलांडून गेला आणि आला, आणि शेवटी बॉल यांच्या बाजूला पडला. कुणीतरी त्याच्यावर सूर मारला होता. अंग घासल्याचा आवाज आला. म्हणजे आत.

तेरा-पंधरा. हा असा आकडा आहे की गणितात नापास झालेल्यालाही त्याचा अर्थ लागतो.

*

बक्षीस समारंभाला अर्धा तास होता, व्यासपीठावर अजून खुर्च्या लावत होते. कपडे बदलायच्या खोलीत घामाचा, दुखण्याच्या मलमाचा आणि ओल्या मोज्यांचा वास कोंडला होता. मास्तर दाराबाहेर भिंतीला टेकून उभे होते. आत जायचं धाडस होत नव्हतं. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"पाहुणा आला, जेवला आणि ताट पण घेऊन गेला," हातोडा म्हणाला.

कुणीतरी हसलं, कडवट.

"गप ए," पोस्टमनचा आवाज. पाय उंच ठेवून बाकावर पडला असणार. "मास्तरांनी उतरवलं, तो काय नाचत गेला नव्हता."

"मास्तरांनी डाव टाकला होता. डाव बरोबर होता. समोरच्यांची तोंडं बघितलीस का? पहिल्या बॉलला ते गडबडले होते. खेळायला कुणीतरी माणूस हवा होता फक्त," हातोडा म्हणाला.

"मला माहितीय," हा आवाज पाहुण्याचा. अगदी सपाट. "मास्तरांनी माझ्यावर टाकलं आणि मी मातीत घातलं. बोला ना. बोला, मी ऐकतोय."

"ऐकून काय, कप मिळणारे का?"

खोलीच्या पलीकडच्या टोकाला धाकटे सर प्राचार्यांशी फोनवर बोलत होते. "नाही सर, निर्णय धाडसी होता, मास्तरांची पद्धत तुम्हाला माहीतच आहे. मुलाने कच खाल्ली. हो. सतरा नंबर. हो, त्याचं पुढच्या वर्षी बघू."

'पुढच्या वर्षी बघू' म्हणजे काय ते मास्तर चोवीस वर्षांत पुष्कळदा स्वतः बोलले होते.

त्यांना फक्त गप्प राहायचं होतं. बाकी काही करायची गरजच नव्हती. सगळ्यांनी मिळून त्यांची थाप पूर्ण केली होती, तीही फुकट. नोकरी शाबूत, डोळे शाबूत, नाव शाबूत. एका पोराच्या मानेवर तीन-आठ हा आकडा आयुष्यभर राहिला असता, बस.

ते आत गेले. दाराशी कुणाचीतरी बॅग होती, तिला अडखळले, सावरले.

"चूक त्याची नाही," ते म्हणाले. "चूक माझी आहे. मला त्याला उतरवायचंच नव्हतं. मला वाटलं, खुर्चीवर तारवाला बसलाय."

मग हातोडा म्हणाला, "मास्तर, राहू द्या ना. कशाला अंगावर घेताय?"

"अंगावर घेत नाही. सांगतोय."

"तारवाला आणि पाहुणा," कुणीतरी म्हणालं, "एक गोरा, एक काळा. आंधळ्यालाही कळेल."

दोघं-तिघं हसले. चांगल्या मनाने हसले, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून. आयुष्यभर खोटं बोलून लोकांना पटवलं, आणि आता एकदाच खरं बोलायची वेळ आली तर गिऱ्हाईक मिळेना.

"मास्तर, नका," पोस्टमन बाकावरून हळूच म्हणाला. त्यालाच फक्त कळलं होतं.

"गप्प बसा सगळे," मास्तर म्हणाले. "कुणीतरी एकाने यावं आणि माझ्यासमोर उभं राहावं. हाताच्या अंतरावर. पोस्टमन, तोंड उघडायचं नाही. नाव घ्यायचं नाही कुणाचं."

बूट वाजले. कुणीतरी येऊन उभं राहिलं. मास्तरांनी मान डावीकडे केली, मग उजवीकडे. रुंद खांदा. पांढरा सदरा. उंची हातोड्याइतकी. श्वास जड, नुकताच खेळून आल्यासारखा. सगळी खोली त्यांच्या तोंडाकडे बघत होती, हे त्यांना न बघता कळत होतं.

"हातोडा," ते म्हणाले.

नळ गळत होता, तेवढाच आवाज.

"मी आहे, मास्तर," धाकटे सर म्हणाले. त्यांनी कोट काढून ठेवला होता. आवाजात विजय वगैरे काही नव्हता. उलट आपल्या हातून काहीतरी फुटल्यासारखा तो माणूस उभा होता. "किती दिवस झाले?"

"दीड वर्ष."

"आणि तपासणी?"

"तक्ता पाठ केला."

हातोड्याने हसू दाबायचा प्रयत्न केला आणि ते हुंदक्यासारखं बाहेर पडलं. मग तो खाली बसला. धाकट्या सरांनी हातातला फोन बघितला. प्राचार्य अजून लाइनवर होते. त्यांनी "सर, मी परत करतो" म्हटलं आणि बंद केला. पण करणार होते. ते मास्तरांना कळलं आणि त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

मास्तरांना हलकं वाटायला हवं होतं. गोष्टींमध्ये माणसाला अशा वेळी हलकं वाटतं. त्यांनी पाहुण्याच्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं. "तर तुझ्यावर काही नाही, बाळा. ऐकलंस ना? तुझी चूक नाही. तुझ्यावर टाकलंच नव्हतं कुणी."

बाक करकरला. पाहुणा उभा राहिला होता.

"म्हणजे ते," तो म्हणाला, "खांद्यावर हात ठेवून बोललात ते."

मास्तरांनी तो हात पाठीमागे घेतला.

"ते तारवाल्याला होतं?"

"हो."

"तीन वर्षं आजच्यासाठी, ते पण?"

"हो."

"रोज बघतो, ते?"

मास्तरांनी मान हलवली. तारवाला कोपऱ्यात उभा होता. त्याने आपल्या बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

"बरं," पाहुणा म्हणाला. मग काहीतरी सांगायचं राहिल्यासारखं म्हणाला, "मी ताईला फोन केला होता आत्ता. ती रडत होती."

"हरल्याचं सांगितलंस?"

"हरल्याचं तिला टीव्हीवर दिसलं. मला उतरवल्याचं सांगितलं. तुम्ही काय काय बोललात ते सगळं. शब्दन् शब्द." तो थांबला. "तिने लिहून घेतलं म्हणे."

पाहुण्याने बाकावरचा टॉवेल उचलला, घडी केली, जशी तो रोज सगळ्यांच्या टॉवेलांची करायचा. मग दार उघडल्याचा आवाज आला. त्याने दार आपटलंसुद्धा नाही. आपटलं असतं तर मास्तरांना जरा बरं वाटलं असतं.

*

समारंभ वेळेत सुरू झाला. हरलेल्या टीमला आधी बोलावतात, म्हणजे तिला जिंकणाऱ्यांच्या टाळ्या ऐकाव्या लागतात. पोरं ओळीत उभी राहिली. पोस्टमन एका पायावर, हातोड्याच्या आधाराने. मास्तर ओळीच्या शेवटी. त्यांच्या शेजारी तारवाला आला, त्यांचा कोपर नुसता बोटांनी धरून.

व्यासपीठावरचा माणूस माइकवरून नंबर आणि नावं वाचत होता. प्रत्येक नावाला एक पोर पुढे होत होतं, मान वाकवत होतं, चंदेरी मेडल गळ्यात पडत होतं. मास्तरांना पुढे सरकणारे खांदे दिसत होते. सगळे एका रंगाच्या जाकिटात. मागून बघितलं तर सगळी पोरं एकाच घरची.

"नंबर सतरा," माइक म्हणाला, आणि नाव घेतलं.

मास्तरांनी मान तिरकी केली. मग दुसरीकडे केली. ओळीत काहीतरी हललं, का मागच्या पडद्याला पंख्याचा वारा लागला, ते कळेना. टाळ्या वाजत होत्या, पण टाळ्या आधीच्या नंबरच्याही असू शकतात. वाजवणाऱ्यांना काय, त्यांचे हात चालूच असतात.

"तारवाल्या," ते हळूच म्हणाले. "पाहुणा आलाय का?"

तारवाल्याने ओळीकडे बघितलं. त्याची बोटं कोपरावर घट्ट झाली.

"आलाय, मास्तर," तो म्हणाला. "घेतलं त्याने मेडल."

मास्तरांनी मान डोलावली. तारवाला मनाने फार चांगला पोरगा होता, आणि तीन वर्षं त्यांच्याच शेजारी, त्यांच्याच थापा ऐकत बसला होता. माइकने पुढचा नंबर घेतला.